यंत्राच्या तोंडाशी

पाटन हे नाव कानी पडले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कोयनाकाठचे पाटण उभे राहते. इतिहासाची आवड असलेल्याला गुजरातेतील सोळंकी राजांची राजधानी आठवते. येथे अभिप्रेत असलेले पाटन ह्या दोहोंहून निराळे आहे. जबलपूर शहराच्या वायव्येस, हिरन नदीच्या खोऱ्यात वसलेले हे तहशिलीचे गाव. हिरन पुढे नर्मदेला मिळते. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर व विदर्भ ह्यांची राजधानी एकच, म्हणजे नागपूर, होती. मराठी श्रोत्याला हा प्रदेश अगदीच परका म्हणता येणार नाही. मात्र त्याची ख्याती राजांमुळे नव्हे, गव्हामुळे आहे.

ह्या काळ्या जमिनीच्या पट्ट्याला पूर्वीपासून ‘हवेली’ म्हणत आणि तेथील शेतीच्या पद्धतीलाही तेच नाव पडले. शेतांना चहूबाजूंनी उंच बांध घालावयाचे, पावसाळाभर त्यांत पाणी कोंडून ठेवावयाचे, आश्विनाच्या सुमारास ते सोडून द्यावयाचे आणि ओल धरलेल्या जमिनीत गहू-हरभरा पेरावयाचा, अशी ती रीत. पाण्याखाली तण कुजून जाई, जमिनीला ओल मिळे आणि पिकाला वेगळे पाणी देण्याची फारशी गरज उरत नसे. ह्या पद्धतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. एकाच्या शेतातून सोडलेले पाणी दुसऱ्याच्या शेतात जाई, म्हणून बांध कोणी, कधी फोडावयाचा हे शेजाऱ्याशेजाऱ्यांनी बोलून ठरवावे लागे. न विचारता बांध फोडणाऱ्याला गावात बरे म्हणत नसत.

१९६४ मध्ये जबलपूरला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साह्याने त्याने सोयाबीनचे पीक मध्य प्रदेशात रुजविले. पावसाळ्यात शेते पाण्याखाली ठेवण्यापेक्षा त्यांत पीक घेणे फायद्याचे ठरू लागले आणि हवेलीची रीत मागे पडत गेली. पुढे धान आले, वाटाणा आला; पाटन आणि शहापुरा ह्या भागांतील हिरवा वाटाणा तर आज दूरदूरच्या बाजारांत जातो. जी जमीन वर्षातून एकदा पिकत असे ती दोनदा, क्वचित तीनदा पिकू लागली. मळणीचा हंगामही त्यामुळे एकाचे दोन झाले आणि दोन पिकांमधील सवडीचे दिवस हातातून गेले. पुढच्या विवेचनात ह्या घाईचा विचार वारंवार करावा लागणार आहे.

पूर्वीचे खळे शांत होते. मध्ये तिवडा रोवलेला, त्याला बांधलेली बैलांची पात गोल फिरते आहे, मागे एखादे पोर हाकारते आहे, आणि वारा सुटला की उफणणी सुरू होते, हे चित्र महाराष्ट्रात काय आणि नर्मदेकाठी काय, सारखेच होते. त्या कामात कष्ट अपार होते आणि दिवसही फार जात. तथापि तेथे माणसाचा हात तुटत नसे. मळणीयंत्र आले तेव्हा त्याने पंधरवड्याचे काम दिवसावर आणले. शिवाय गव्हाचा बारीक भुसा एका बाजूस पडू लागला. गुरे बाळगणाऱ्या शेतकऱ्याला ह्या भुशाचे मोल दाण्याइतकेच वाटते. कापणी आणि मळणी एकदम करणारी मोठी यंत्रे आता पंजाब-हरियाणातून दर हंगामात येतात आणि मोठ्या शेतांतील गहू तीच उरकतात. तरीही लहान तुकड्यांत, ओलसर कोपऱ्यांत आणि भुसा हवा असलेल्या घरी जुने मळणीयंत्र, ज्याला खेड्यात सगळेच ‘थ्रेशर’ म्हणतात, आपली जागा धरून आहे.

ह्या यंत्राची रचना समजण्यास कठीण नाही. लोखंडी पेटीत एक ढोल असतो आणि त्यावर बोटाएवढ्या जाड लोखंडी दात्यांच्या रांगा बसविलेल्या असतात. ट्रॅक्टरच्या फिरत्या दांडीने किंवा विजेच्या मोटारीने तो ढोल फिरतो आणि त्याच्या कडेचा वेग सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहूनही अधिक असतो. पेटीच्या तोंडाला पत्र्याची पन्हळ जोडलेली असते. मजूर पन्हळीपाशी उभा राहतो, हाती आलेली पेंढी तीत ठेवतो आणि आत सरकवितो. ढोल ती ओढून घेतो. डोळ्यांना धोका दिसल्यापासून हात मागे येईपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतोच; तेवढ्या अवधीत दात्यांनी चार मीटरांचे अंतर कापलेले असते. एकदा पेंढीत गुंतलेली बोटे, बाही किंवा बांगडी आत ओढली जाऊ लागली, म्हणजे चपळाईचा किंवा बळाचा काही उपयोग उरत नाही.

अशा अपघातांच्या चौकशीत आणि अभ्यासांत एक निष्कर्ष हमखास आढळतो, तो म्हणजे मजुराचा निष्काळजीपणा. तो पेंगत होता, त्याने सैल कपडे घातले होते, त्याचे लक्ष नव्हते, क्वचित तो प्यालेला होता. ह्यांतील एकही कारण खोटे नाही. परंतु ‘मानवी चूक’ हा शब्द लिहून कागद बंद करणे ही चौकशी करणाराची सोय आहे, असे म्हटले तर वावगे होऊ नये. तो पेंगत होता, कारण वीज रात्री होती आणि म्हणून मळणी रात्रीची होती. त्याने हात आत घातला, कारण पीक ओलसर होते आणि पन्हळीतून सरकत नव्हते. तो वाकला होता, कारण पायाखालचा चौथरा ठेंगणा होता, किंवा चौथरा म्हणून उपडी घातलेली पाटी होती. ह्या एकेका ‘कारण’ची माहिती खळ्यावर एकाच माणसाला असते, आणि चौकशीच्या वेळी बहुधा तोच रुग्णालयात असतो.

ह्या प्रश्नाची दुसरी गुंतागुंत जबाबदारीत आहे. सामान्यतः गहू एकाचा असतो, यंत्र दुसऱ्याचे असते आणि हात तिसऱ्याचा. यंत्राचा मालक ते तासाच्या किंवा पोत्याच्या हिशेबाने भाड्याने देतो. यंत्र जितके अखंड चालेल तितके त्याचे हित. शेतकऱ्याला भाडे भरावयाचे असते, आभाळाकडेही पाहावयाचे असते. मजूर त्या दोघांनाही पुरता बांधलेला नसतो. कापणीच्या दिवसांत मंडला-दिंडोरीच्या डोंगराळ भागांतून मजुरांच्या टोळ्या गव्हाच्या खोऱ्यात उतरण्याची प्रथा फार जुनी आहे. चैत्रात येतात म्हणून त्यांना ‘चैतुआ’ म्हणतात. मोठ्या यंत्रांमुळे त्यांचे काम बरेच घटले असले तरी ही वाट अजून पुरती मोडलेली नाही. अशा परगावच्या माणसाने यंत्राचा पट्टा सैल झाला आहे हे सांगावयाचे कोणाला? शेतकरी म्हणणार, यंत्र माझे नव्हे. यंत्रवाला म्हणणार, मजूर माझा नव्हे.

कायद्याने हा प्रश्न हाताळला नाही असे नाही. शेतीतील यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करण्याची पाळी ह्याच यंत्राने आणली. १९८३ च्या धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियमात ‘धोकादायक यंत्र’ ह्या शब्दाची व्याख्या करताना प्रथम नाव आले ते शक्तीवर चालणाऱ्या मळणीयंत्राचे. यंत्र बनविणारा, विकणारा आणि वापरणारा ह्या तिघांवरही त्याने बंधने घातली आणि नुकसानभरपाईची तरतूद केली. भारतीय मानकानेही पन्हळीचे माप ठरवून दिले. तिची लांबी निदान ९० सेंटिमीटर असावी आणि त्यांपैकी ढोलाकडील ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली असावी. ह्या मापामागील विचार सरळ आहे. प्रौढ माणसाचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत ह्यापेक्षा आखूड असतो; तेव्हा सरळ उभा राहिलेला माणूस इच्छा असली तरी दात्यांना शिवू शकणार नाही.

विचार उत्तम. पण लांब पेंढीच्या कोरड्या गव्हासाठी जी पन्हळ सुरेख चालते तीच आखूड, विस्कळीत, वेलींसारख्या गुंतलेल्या पिकाला अडते. मग मजूर काठीने ढकलतो, काठी आत गेली की तिचे तुकडे बाहेर उडतात, आणि शेवटी तो झाकणावरून वाकून हातानेच ढकलतो. कोठे झाकण काढून ठेवले जाते, तर कोठे पन्हळच कापून आखूड केली जाते. नियम मोडला एवढे बाहेरून येणाऱ्याला दिसते. का मोडला, हे पन्हळीपाशी उभ्या असलेल्याला ठाऊक असते. माप ठरविण्याच्या वेळी आणि पुढे दर नव्या पिकाच्या वेळी त्याला विचारले असते, तर झाकणाला उतार किती हवा, पत्रा किती गुळगुळीत हवा, वाटाण्यासाठी निराळी पन्हळ हवी की काय, ही उत्तरे फार स्वस्तात मिळाली असती.

कामगाराला विचारण्याची ही कल्पना काही नवी नाही. ती प्रथम रुजली खाणींत, आणि तीही फार मोठी किंमत देऊन. पाटनहून फार दूर नसलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात, पेंच खोऱ्यातील न्यूटन चिखली कोळसाखाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी शिरले आणि ६३ कामगार प्राणांस मुकले. १९५८ च्या फेब्रुवारीत बंगालमधील चिनाकुरी खाणीत स्फोट होऊन पावणेदोनशेंच्या आसपास माणसे गेली. त्याच वर्षी कलकत्त्यास खाणींतील सुरक्षिततेविषयीची पहिली परिषद भरली, आणि सरकार, मालक व कामगार ह्यांनी एकत्र बसून सुरक्षिततेचा विचार करावयाचा हा पायंडा पडला. खाणीत कोळशाच्या भिंतीला आलेला पहिला पाझर, छपराच्या दगडाचा बदललेला आवाज, लाकडी टेकूची कुरकुर ह्या गोष्टी कार्यालयातील नकाशावर उमटत नाहीत. त्या कुदळ चालविणाऱ्याच्या कानांना कळतात. पुढे खाणींच्या नियमांत सुरक्षा-समित्यांबरोबर ‘कामगार-निरीक्षक’ ही जागाही निर्माण झाली. हा निरीक्षक कामगारांच्या वतीने खाणीची पाहणी करतो आणि आपले म्हणणे नोंदवहीत लिहितो, आणि त्या नोंदीला व्यवस्थापनाने उत्तर द्यावयाचे असते.

कारखान्यांच्या बाबतीत असाच बदल घडविण्यास भोपाळचा वायुप्रलय कारण झाला. २ व ३ डिसेंबर १९८४ ह्यांमधल्या त्या रात्रीनंतर कारखाना कायद्यात १९८७ मध्ये मोठी सुधारणा झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात सुरक्षा-समिती असावी आणि तीत कामगारांचे व व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असावेत, असे ठरले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जिवाला तत्काळ धोका आहे अशी रास्त भीती वाटल्यास ती व्यवस्थापकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या कानी घालण्याचा हक्क कामगाराला मिळाला. व्यवस्थापकाला ती भीती पटली नाही तर त्याने गप्प बसावयाचे नाही. प्रकरण लगोलग निरीक्षकाकडे पाठवावयाचे. कामगारकायद्यांची पुढे चार संहितांत पुनर्रचना झाली, तेव्हा सुरक्षिततेविषयीच्या २०२० च्या संहितेतही समिती आणि हा हक्क ही दोन्ही कलमे आली.

ह्या समित्यांचे गुणगान करताना थोडा हात आखडता घ्यावा लागतो. जेथे समितीची बैठक म्हणजे चहा, सही आणि मागील बैठकीच्या इतिवृत्ताला मंजुरी एवढेच असते, तेथे कामगार लवकरच बोलावयाचे सोडतो. गेल्या वेळी सांगितलेल्या तुटक्या पायरीचे काय झाले, हे त्याला कोणी कळविले नसेल तर ह्या वेळी तो सैल कठड्याविषयी सांगणार नाही. कामगाराला बोलते करणे आणि त्याचे ऐकले हे त्याला दिसू देणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, आणि दुसऱ्या अंगाची हेळसांड सर्रास होते. दुसरा अडथळा भीतीचा. काही ठिकाणी महिनाभर अपघात झाला नाही तर बक्षीस देण्याची प्रथा असते. हेतू चांगला, परिणाम विपरीत. बक्षीस जाऊ नये म्हणून बोट चेचलेला माणूस खिशात हात घालून घरी जातो, आणि ज्या यंत्राने बोट चेचले ते दुसऱ्या दिवशी तसेच सुरू होते.

जबलपूरच्याच आसपास ह्या बाबतीतील विरोध ठळकपणे दिसतो. शहरात १९०४ पासूनचा तोफगाड्यांचा कारखाना आहे आणि खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आहे. स्फोटके हाताळणाऱ्या अशा कारखान्यांतून एक सर्वमान्य शिस्त असते. एका खोलीत एका वेळी किती माणसे आणि किती स्फोटक पदार्थ असावेत ह्याची मर्यादा दारावरच लिहिलेली असते, आणि ती वाचण्याचा अधिकार आत जाणाऱ्या प्रत्येकाला असतो. एवढ्याने तेथील धोका संपतो असे नव्हे. पण निदान धोका आहे हे कबूल केलेले असते आणि माणसे मोजलेली असतात. तेथून काही कोसांवरच्या खळ्यावर यंत्राभोवती किती माणसे असावीत, लहान मुले कोठवर येऊ शकतात, ढोलापाशी एका माणसाने सलग किती वेळ उभे राहावे, हे कोठेही लिहिलेले नसते. २०२० च्या संहितेची यंत्रणाही सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. सहा-सात मजुरांच्या, चार दिवसांत उठून जाणाऱ्या खळ्यावर ना समिती, ना निरीक्षक, ना नोंदवही.

भरपाईचा कायदा मात्र खळ्यापर्यंत पोचतो. यंत्राने चालणाऱ्या शेतीकामातील मजुराला १९२३ च्या कामगार-भरपाई कायद्याने आपल्या कक्षेत घेतले होते. त्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेल्यास कमाईची शक्ती किती घटली असे मानावयाचे ह्याचा तक्ता होता. संपूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी गेल्यास १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के. कायद्याला असा काही हिशेब करावाच लागतो. पण विळा धरणे, पेंढी बांधणे, कुदळ मारणे हीच ज्याची कमाई, त्याच्या बाबतीत अंगठ्याचे हे ३० टक्के कोणाच्याही मनाला पटणे कठीण आहे.

ज्यांच्याकडे समिती नाही अशा लहान, विखुरलेल्या कामांवर कामगाराचा आवाज कसा पोचवावयाचा, ह्याचे प्रयोग इतर देशांत झाले आहेत. त्यांतील दोन येथे उपयोगी पडतील. स्वीडनमध्ये कामगारांनी निवडलेले सुरक्षा-प्रतिनिधी फार पूर्वीपासून आहेत. १९७४ पासून त्यांना जिवाला गंभीर धोका असलेले काम सरकारी निरीक्षक येईपर्यंत थांबविण्याचा अधिकार आहे. ज्या लहान ठिकाणी असा प्रतिनिधी निवडणे शक्य नसते तेथे एका टापूसाठी एक फिरता प्रतिनिधी असतो. तो आठ-दहा मजुरांच्या कामावर जातो, पाहतो, बोलतो. तो परक्या गावचा असल्यामुळे मालकाच्या रोषाची त्याला धास्ती नसते, आणि तो स्वतः त्याच धंद्यातील असल्यामुळे मजुराला त्याच्याशी बोलताना संकोच वाटत नाही.

दुसरा प्रयोग व्हिएतनाममधला, आणि तो हिंदुस्थानी खेड्याला अधिक जवळचा. मेकाँग नदीच्या मुखाजवळील कँथो भागात १९९० नंतरच्या दशकात शेतकरी कुटुंबांसाठी एक उपक्रम सुरू झाला आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तो पुढे इतर देशांतही नेला. ह्यात बाहेरचा तज्ज्ञ येऊन दोष काढीत नाही. शेजारपाजारची कुटुंबे, नवरा-बायको दोघेही, हाती चित्रांची यादी घेऊन एकमेकांच्या शेतावर हिंडतात आणि प्रथम चांगले काय आहे ते शोधतात. कोणी ओझे वाहण्यासाठी चाके जोडलेली असतात, कोणी औषधांच्या बाटल्या कुलपात ठेवलेल्या असतात, कोणी कामाचा ओटा कमरेएवढा उंच केलेला असतो. मग प्रत्येक घर आपल्याला परवडेल अशा एकदोन सुधारणा स्वतः निवडते. दोष दाखविल्याने माणूस सबबी सांगू लागतो. शेजाऱ्याने केलेली युक्ती दाखविली की तो तिचे माप घेऊ लागतो. हवेलीच्या बांधांवर एकमेकांशी बोलून पाणी सोडणाऱ्या गावांना ही रीत नवखी वाटण्याचे कारण नाही.

न विचारण्याची किंमत काय असते ह्याचा दाखला विदर्भाने २०१७ मध्ये पाहिला. त्या वर्षीच्या पावसाळी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर मुखपट्टी, हातमोजे आणि अंगरखा ह्यांविषयी पुष्कळ उपदेश झाला. उपदेश योग्यच होता. परंतु माणसाच्या डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, दमट उकाड्यात, पाठीवर भरलेला पंप घेऊन जाड अंगरखा किती वेळ सोसतो हे फवारणाऱ्याखेरीज कोण सांगणार? पंपाचा फवारा वाऱ्याच्या कोणत्या रोखाला तोंडावर येतो, कोणते औषध अंगावर पडले की आधी डोळे चुरचुरतात, कोणत्या वेळी मळमळ सुरू होते, हे ज्ञान त्या मजुरांजवळ पहिल्या मृत्यूच्या आधीही होते. ते ऐकण्याची जागा मात्र नव्हती.

पाटनच्या खळ्याकडे परत वळले म्हणजे दिसते की पन्हळीपाशी उभ्या असणाऱ्याचे ज्ञान तितकेच बारीक असते. पेंढी ओली आहे की कोरडी, हे त्याला हाताच्या वजनावरून कळते. ढोल जड चालू लागला की आवाज खाली उतरतो आणि थोड्याच वेळात तोंड तुंबणार, हे त्याला ठाऊक असते. तुंबलेले तोंड यंत्र चालू असतानाच मोकळे करावयाचा मोह हा सर्वांत घातक मोह आहे, हेही त्याने बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी हातावरून शिकलेले असते. किती वेळानंतर डोळ्यांपुढे ढोलाची गती थांबल्यासारखी वाटू लागते, कोणत्या वेळी पायाखाली भुसा साचून चौथरा निसरडा होतो, दिव्याची सावली पन्हळीत नेमकी कोठे पडते, पेंढ्या आणून देणारी बाई घाईत किती जवळ येते आणि तिचा पदर कोणत्या बाजूने वाऱ्यावर उडतो, ह्या साऱ्यांची त्याच्याजवळ नोंद असते. कागदावर नसते इतकेच.

ह्या माहितीचा उपयोग करून घेण्यास पैसा थोडा लागतो. मळणी सुरू होण्यापूर्वी, यंत्र बंद असताना, शेतकरी, यंत्रवाला आणि मजूर ह्यांनी पेटीभोवती एक फेरी मारावी. पट्ट्यावर आणि ट्रॅक्टरच्या फिरत्या दांडीवर आवरण आहे की नाही ते पाहावे, चौथरा कमरेच्या हिशेबाने उंच करून घट्ट बसवावा, पन्हळीपाशी कोण, किती वेळाने बदलणार हे ठरवावे. ह्यात बोलण्याचा पहिला मान पन्हळीपाशी उभ्या राहणाऱ्याला असला पाहिजे, कारण तो शेवटी बोलला तर मालकांचे बोलून झाल्यावर केवळ मान डोलावतो. स्त्रियांना तर मुद्दाम विचारावे लागते. पेंढ्या पोचविण्याचे आणि भुसा ओढण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याकडे असते. तरीही यंत्राविषयीच्या बोलण्यात त्यांना कोणी धरीत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न यंत्र थांबविण्याचा. जपानमधील टोयोटाच्या मोटार-कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून सारी साखळी थांबविता येते, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. मळणीयंत्राच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट आहे. ढोलापाशी उभा असलेल्या माणसाच्या हाताशी थांबविण्याचे कोणतेच साधन नसते. मोटारीची कळ खांबावर असते, ट्रॅक्टरचा चालक यंत्राच्या दुसऱ्या टोकाला असतो, क्वचित झाडाखाली टेकलेला असतो, आणि यंत्राच्या घरघरीत शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही. यंत्रवाल्याला थांबणे म्हणजे भाड्याची तूट, आणि मजुराला थांबविणे म्हणजे उद्याच्या मजुरीची चिंता. म्हणून कोणाच्या खुणेवर यंत्र थांबेल हे आधीच, सर्वांच्या देखत, ठरलेले असावे लागते. दोन्ही हात वर केले की थांबवावयाचे, आणि का थांबविले हे नंतर विचारावयाचे. कळीपाशी किंवा ट्रॅक्टरवर एक माणूस नेमलेला असावा, त्याने पेंढ्या उचलू नयेत की भुसा ओढू नये, पन्हळीपाशी उभ्या असलेल्याकडे पाहात राहावे. एका माणसाची मजुरी त्यासाठी जास्त पडते. ती गव्हाच्या मालकाने द्यावी की यंत्राच्या, हा वाद मात्र पहिली पेंढी पन्हळीत पडण्यापूर्वीच मिटवून घ्यावा लागतो.